सातवा बार

आबा, तुमच्या उजव्या हाताबद्दल लिहायला बसलोय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाजसुद्धा मला आता नीट आठवत नाही, पण तो हात आठवतो. नखांत सुरुंगाच्या दारूची काळी रेघ, आणि अंगठ्याच्या मुळाशी पहारीनं पडलेला घट्टा. तो घट्टा माझ्या गालावर नेमका कुठे लागायचा हे मी आजही बोट ठेवून दाखवीन. तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आता म्हातारा झालोय. नातवावर जरा आवाज चढवला तरी सून डोळे मोठे करून बघते, आणि मला हसू येतं. आपल्या घरात नुसता आवाज चढवणं म्हणजे लाड होते.

तुम्ही आंबेनळीच्या घाटात सुरुंगवाल्यांचे मुकादम. रस्ता रुंद करायचं काम वर्षानुवर्षं चाललेलं. आठवड्यातून एकदा पोलादपूरच्या बाजाराला उतरायचात आणि मग घरी यायचात. आई भाकरी थापत असायची, तुम्ही चुलीशेजारी पाटावर बसायचात आणि माझी झडती सुरू व्हायची. शाळेत काय झालं, पाढे कुठवर आले, मास्तर काय बोलले. मी सांगायचो. सांगत असतानाच कानाखाली जाळ निघायचा. "विचारतोय ते ऐकतोस काय? तोंड वर कर. माझ्याकडं बघून बोल." मी म्हणायचो, बोललो की आबा. की दुसरी बसायची. मला वाटायचं, या माणसाला मारायचंच आहे, उत्तराचं नुसतं निमित्त. एकदा आई मध्ये पडली तर तव्यावरची भाकरी तुम्ही अंगणात भिरकावलीत. ती कुत्र्यानं नेली आणि त्या दिवशी कोणीच जेवलं नाही.

पुण्याच्या कॉलेजात मी पोचलो तो याच माराच्या भीतीनं, हे कबूल करतो. तिथं पहिल्या वर्षाच्या शेवटाला खाणावळीत एकानं माझी नक्कल केली. मी वाढप्याला म्हणालो होतो, "भात हाय का नाय?" तर तो पोरगा पंगतभर तेच म्हणत फिरला, हाय का नाय, हाय का नाय. चार दिवस मी गिळलं. पाचव्या दिवशी पितळेचा तांब्या उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. त्याचे दोन दात ताटात पडले. रक्त आमटीत मिसळताना मी बघत होतो आणि मला वाईट वाटत नव्हतं, बरं वाटत होतं. प्राचार्यांनी निकाल लागू दिला, एवढी दया केली, आणि दाखला हातात देऊन बाहेर काढलं.

घरी आलो तेव्हा तुम्ही मला गोठ्यात नेलंत आणि बैलाच्या वादीनं पाठ सोलून काढलीत. "कुणाकडनं शिकलास मारायला?" मी गव्हाणीत तोंड खुपसून म्हणालो, तुमच्याकडनं. मला वाटलं, आता जीव घेतील. पण तुम्ही त्यावर काहीच केलं नाहीत. तुम्ही ते ऐकलंच नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

पुढं मुंबईच्या एका कॉलेजनं कळवलं की तिकडचं विद्यापीठ वेगळं, अभ्यासक्रम वेगळा, तेव्हा गणित आणि फिजिक्स असे दोन पेपर द्या, पास झालात तर सरळ दुसऱ्या वर्षाला घेऊ. नाही झालात तर शिक्षण संपलं, कारण मारामारीचा शेरा असलेला दाखला दुसरं कोण घेणार? परीक्षा शिमग्यानंतर तीन आठवड्यांनी. माझं मन उडालं होतं. पुस्तक उघडलं की आकडे मुंग्यांसारखे चालायला लागायचे. आईला मी सांगून टाकलं की बिरवाडीकडे कोणाच्या तरी दुकानात लागतो. तुम्ही माझी वळकटी उचललीत आणि मला घाटात घेऊन गेलात.

तिथलं आपलं खोपट म्हणजे चार कुडाच्या भिंती आणि वर गवत. सकाळी मी तुमच्या माणसांबरोबर खडी फोडायची. दुपारी सगळे भाकरी खाऊन आडवे झाले की मी तुमच्या समोर बसून पुस्तक मोठ्यानं वाचायचं. तुम्हाला अक्षर ओळखू येत नव्हतं. इंग्रजी तर लांबच. तरी तुम्ही माझ्या तोंडाकडं टक लावून बसायचात, हातात खडी फोडायची सुतकी, आणि माझे ओठ थांबले की मांडीवर सुतकीचा दांडा. मी वेग, अंतर, ध्वनी, प्रकाश सगळं ओरडून वाचलं. रागानं वाचलं. काही धडे तर मी तुम्हाला शिव्या द्याव्यात तसे वाचले. अभ्यासात मन कसं टिकवायचं हे लोक आता मला विचारतात, मी आयुष्यभर फिजिक्स शिकवलं म्हणून. त्यांना काय सांगू? मांडीवर काळानिळा वळ असला की मन टिकतं, असं कसं सांगू?

शिमग्याच्या आदल्या दिवशी गावी निघायचं म्हणून वाचन सकाळीच उरकायचं होतं, तेव्हा एका गणिताशी मी अडलो. मला ते कळत नव्हतं आणि मी गप्प बसलो. तुम्ही विचारलंत, काय झालं? मी म्हणालो, नक्की माहीत नाही. तुम्ही सगळ्या गँगसमोर मला अशी दिलीत की मी खडीच्या ढिगावर पडलो आणि कोपर फाटलं. माणसं हसली नाहीत, पण त्यांनी बघितलं. मी वीस वर्षांचा होतो, आबा. मी त्या ढिगातला एक दगड मुठीत धरला होता आणि तो बराच वेळ सोडला नाही.

त्या दिवशी खडकाच्या भोकांत दारू ठासून सात बार भरले होते. सात उडवायचे, दगड बाजूला सारायचा आणि सगळ्यांनी सणाला गावी पळायचं. गाठोडी बांधून तयार होती. तुमच्या कामाचा कायदा सगळ्या घाटाला माहीत होता. वाती पेटल्या की एकानंच मोजायचं, कारण दोघांनी मोजलं की भांडण होतं. जितके भरले तितके उडाले तर पहिला पाय मुकादमाचा, मग बाकीचे. एक जरी कमी वाजला तर दुसऱ्या दिवसापर्यंत तिकडे कोणी फिरकायचं नाही आणि जिवंत बार रस्त्यात सोडून कोणी घरीही जायचं नाही. मोजायला तुमचा जुना जोडीदार असायचा. तो पालखी उचलायला एक दिवस आधीच गावी गेला होता.

तेव्हा तुम्ही मला खोपटामागे नेलंत. मला वाटलं, आता अजून मार. तुम्ही माझा दंड धरलात आणि म्हणालात, "मला ऐकू येत नाय. डावा कान कवाच गेला, उजव्यात नुसती घुमघुम हाय. समोरच्याच्या तोंडाकडं बघून चालवतो मी. बार उडाला की पायाला कळतं, पण किती ते नाय कळत. साहेबाला समजलं तर मला घरी बसवतील. आज तू मोज."

मी तुमच्याकडे बघतच राहिलो. तोंड वर कर. माझ्याकडं बघून बोल. चुलीपाशी, पाटावर, गोठ्यात, लहानपणापासून मी दिलेली सगळी उत्तरं माझ्या डोक्यात परत यायला लागली. मी प्रत्येक वेळी उत्तर दिलं होतं. तुम्ही प्रत्येक वेळी ते न दिल्याबद्दल मारलं होतं. मला तुमची कीव यायला हवी होती. मला इतका संताप आला की कानशिलं उडायला लागली. एवढीशी गोष्ट सांगितली असती तर, आबा! पण तुम्ही मोजणी माझ्या हातात दिलीत, जी तुम्ही त्या जोडीदाराशिवाय कोणाला दिली नव्हती, आणि त्या क्षणी मला तेवढंही दिसलं नाही.

वाती पेटल्या. तुम्ही पळत येऊन वळणाआड बसलात. पहिले तीन धडाधड गेले, दगड दरीत कोसळल्याचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला. चौथा. पाचवा. मग थोडं थांबून सहावा, आणि लगेच त्याच्या मागे एक जड, लांबचा आवाज. घाटाच्या पलीकडच्या कड्यावर आवाज आदळून परत येतो. प्रतिध्वनीचा धडा मी आठ दिवसांपूर्वी तुमच्यासमोर बसून ओरडून वाचला होता, कडा किती लांब असला तर आवाज किती वेळानं परततो याची गणितं मला तोंडपाठ होती. तुम्ही लाल बावटा घेऊन समोर आलात आणि विचारलंत, "नक्की?" मी सात बोटं दाखवली.

तुम्ही गेलात. खाली वाकून एक धोंडा सारलात. सातवी वात आत धुमसत होती.

धूळ खाली बसली तेव्हा तुम्ही एका दरडीला पाठ लावून बसला होतात आणि उजव्या हाताच्या जागी काय होतं ते मी लिहीत नाही. गँगमधल्या एकानं आपलं सणाचं नवं धोतर फाडून दंडाला आवळलं. खडीच्या ट्रकमध्ये तुम्हाला घातलं. पोलादपूर, मग महाड, आणि सगळ्या वाटेनं तुम्ही माझ्याकडे बघत होतात, तोंडाकडे, मी काही बोलतोय का ते बघत. मी बोललो नाही. महाडच्या दवाखान्यात मनगटाच्या वरून हात काढला. ओव्हरसियर साहेब चौकशीला आले तेव्हा मी कॉटशेजारी उभा होतो. माझं तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "मोजणी माझी. मीच चुकलो." गँगनंही पुढं तेच सांगितलं.

एवढ्या वर्षांत तुमच्या गँगचा एक माणूस गेला नव्हता. त्या एका वाक्यानं ते सगळं गेलं. मुकादमी गेली. आंबेनळीपासून तळीयेपर्यंतच्या वाड्यांत लोक म्हणू लागले, म्हातारा साधं मोजायला चुकला.

मी दवाखान्यात सांगितलं की मी परीक्षेला जाणार नाही. या वेळी तोंड वर करून, तुमच्याकडे बघून सांगितलं. तुम्ही डावा हात उचललात आणि मारलीत. नीट लागलीसुद्धा नाही, हनुवटीला घासून गेली. मग पुन्हा मारलीत. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तुम्ही मारतच होतात, इतकं हळू, की शेवटी नर्स आली आणि तिला वाटलं तुम्ही मला कुरवाळताय. मी मुंबईला गेलो. दोन्ही पेपर दिले. पास झालो.

त्यानंतर तुम्ही अकरा वर्षं जगलात. डाव्या हातानं जेवायला शिकलात, नातवंडांना कधी बोटही लावलं नाहीत. त्या दिवसाबद्दल तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, आणि मी प्रतिध्वनीला बार समजलो, साधी चूक झाली, असं मी आईला आणि बायकोला सांगत आलो. हे कागद लॉग टेबलाच्या जुन्या पुस्तकात ठेवणार आहे. ते आता घरात कोणी उघडत नाही.

तुम्ही "नक्की?" विचारलंत तेव्हा माझं कोपर ठणकत होतं आणि गाठोडी घेतलेली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. मी मान खाली घातली आणि म्हणालो, "नक्की माहीत नाही." बोटं सातच वर होती. मान खाली घातली की तुम्हाला ऐकू येत नाही, हे तुम्ही मला अर्ध्या तासापूर्वीच सांगितलं होतंत.