गिरदावर चौकशीला आले

१६ एप्रिल १९६२, तुळजापूर

झाला एकदाचा अर्ज! चंद्रप्रभाबाईंनी समोर बसून लिहून घेतला. शाळेत गणित शिकवायच्या तेव्हाही अशाच मागं लागायच्या. अपंग विद्यार्थ्यांना सरकार शिष्यवृत्ती देतं म्हणे. ती मिळाली तर सोलापूरला शिक्षिकेचं ट्रेनिंग, राहणं-खाणं, सगळं भागेल. नाही मिळाली तर हीच चूल आणि हीच खिडकी. पोटच्या पोरीबद्दल दादांनी स्पष्टच सांगितलंय — 'लंगडी पोरगी परगावी ठेवून चारचौघांत शोभा करून घेऊ?' घरात लंगडी म्हणायचं, आणि बाहेर मात्र त्या पायाबद्दल ब्र काढायचा नाही. आमच्या घरची रीतच आहे ती.

'अपंग' लिहिताना हात अडखळला. मग स्वतःचाच राग आला. लहानपणी तापात पाय गेला, तेव्हापासून डावा गुडघा हातानं दाबत चालते. मग शब्दाचं एवढं काय?

अर्जाचं घरी सांगितलेलं नाही.

२४ एप्रिल

बाईंबरोबर उस्मानाबादला जाऊन आले. दवाखान्यात दिवस गेला. डॉक्टरांनी चालून दाखवायला लावलं, कंपाउंडर बघत उभे. मेल्याहून मेल्यासारखं झालं! पण सर्टिफिकेट मिळालं. येताना एस.टी.त बसायला जागा नाही. फार दमले.

कचेरीत कागद दिले. 'चौकशी होईल,' म्हणाले. कसली, कोण करणार — काही नाही.

१ मे

मंगळवार. घरभर यात्रेकरू. दादांकडे पूजेला आलेले यजमान जेवून जाईपर्यंत मी माडीवर.

९ मे

आज गंमतच झाली. गल्लीत एक गृहस्थ आले — काळा कोट, हातात छत्री. बब्रुवानच्या हॉटेलात बसून विचारायला लागले, 'नारायणराव उपाध्यांची मुलगी कशी आहे? चालते-फिरते का नीट? काही व्यंग वगैरे?' आईच्या कानावर गेलं मात्र! 'अगं बाई, मुलाकडची माणसं चौकशीला आली!' धावत माडीवर आली. मला खिडकीशी बसवलं, पातळ पायावर ओढलं, मांडीत तांदळाचं सूप दिलं. 'हलू नकोस.'

लग्नाच्या मुलीची चौकशी आली की गल्ली लगेच एक होते. मग कुणाचं भांडण आठवत नाही. समोरच्या कुंकवाच्या दुकानातून शिवकांताकाकू तावातावानं सांगत होत्या, 'पायाला काय झालंय वो? हरणावानी पळतीया पोरगी! मंगळवारी एवढ्या गर्दीत सगळ्यांच्या म्होरं असती दर्शनाला!' बब्रुवान म्हणाला, 'साहेब, असली पोरगी अख्ख्या जिल्ह्यात गावायची न्हाय. कुनी काय वाकडं सांगितलं असंल, तर त्ये जळतंय म्हनून.' गृहस्थांनी वर बघितलं. मी मान खाली घालून खडे निवडतेय. समाधानानं हसले आणि गेले.

मला हसू आवरेना. आणि खरं सांगू? बरंही वाटलं. आपल्यासाठी कुणीतरी एवढं मन लावून खोटं बोलतंय!

१० मे

आई देवीची ओटी भरून आली.

२२ मे

अर्ज नामंजूर.

बाईंबरोबर कचेरीत गेले होते. कारकून म्हणाला, 'चौकशीत व्यंग आढळलं नाही. महसूल खात्याचे गिरदावर साहेब स्वतः तुमच्या गल्लीत येऊन पंचांना विचारून गेलेत.' कोण गिरदावर? 'विष्णुपंत. काळा कोट घालतात.' म्हणजे बब्रुवानच्या हॉटेलातले ते छत्रीवाले गृहस्थ! बाई म्हणाल्या, 'अहो, डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडलंय की!' 'ते काय, कुणीही आणतं.' मी समोर उभी होते, गुडघ्यावर हात दाबून. त्यानं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. जाता जाता एवढंच म्हणाला — गिरदावरांनी स्वतः दुरुस्ती लिहून दिली तर विचार होईल. तीही जूनच्या मध्याच्या आत.



२३ मे

शिवकांताकाकूंकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. 'मला काय ठावं गं बाई! तुझं चांगलं व्हावं म्हनून बोलले मी. आमच्या रुद्रम्माच्या लग्नाच्या येळंला तुझ्या आईनं तिचा डोळा असाच झाकला होता की!' म्हटलं, चला कचेरीत, खरं सांगा. तर म्हणाल्या, 'आता आमी जबान फिरवली तर सगळ्या गावात व्हईल. उद्या खरंच कुनी बघाया आलं म्हंजी?' आणि माझ्याआधी त्याच रडायला लागल्या. त्यांनाच पाणी दिलं.

यांच्यावर रागवायचं तरी कसं!

२९ मे

गिरदावर घरी आले! दादांना भेटायला. मी दाराआड.

आधी अर्जाचं सांगितलं. दादांना पहिल्यांदाच कळलं. मग गिरदावर हसून म्हणाले, 'शिकायच्या हौसेपायी पोरीनं केलेला खोडसाळपणा हा. डॉक्टरालाही गुंडाळलंन! मी वर कळवलं नाही, पोरवय आहे. पण मुलगी हुशार हो! आमचा पुतण्या गोपाळकृष्ण जळकोटला मास्तर आहे. पत्रिका देता का?'

दादांचं एक वाक्य पुरलं असतं. 'साहेब, अर्ज खरा आहे.' दादांनी हात जोडले आणि पत्रिका आणायला आत आले. माझ्याकडे बघितलंही नाही.

नंतर विचारलं, लग्नानंतर त्यांना कळेल तेव्हा? म्हणाले, 'कळलं तर कळलं. अक्षता पडल्यावर कोण काय करतंय?'

मला दादांची किळस आली. लिहून ठेवते. बापाची किळस.

२ जून

थकले. भांडू तरी कुणाशी? जो तो माझ्या भल्याचंच बघतोय. भल्याखाली चेंगरून मरायची वेळ आली.

चंद्रप्रभाबाई दुरुस्ती लिहून मागायला गिरदावरांच्या घरी जाऊन आल्या. भेटले नाहीत. 'पुन्हा जाऊन चिठ्ठी ठेवू का?' म्हणाल्या. नको म्हटलं. आधीच मी खोडसाळ!

तो मास्तर वाईट नसेलही. सारखं तेच मनात येतं — त्या बिचाऱ्याला यातलं काहीच माहीत नाही.

६ जून

पत्रिका जुळली. शुक्रवारी बघायला येणार. आई शिकवते आहे — ते यायच्या आधी पाटावर बसायचं, ते गेल्यावरच उठायचं. 'चहा मी देईन. तू फक्त मान खाली घालून बस. एवढी माझी इज्जत राख, वनमाला.'

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? रात्रंदिवस रडते ती.

८ जून

आले. नाव विचारलं, शिक्षण विचारलं. मास्तरांनी खाली बघतच विचारलं, 'पुढं शिकायचंय का?' विष्णुपंत म्हणाले, 'झालं. जा मुली आत.' आई घाईघाईनं, 'बसू दे की! बसू दे!'

उठले. गुडघ्यावर हात दाबून दारापर्यंत गेले. आत गेले नाही. तशीच सगळ्यांच्या देखत परत आले आणि विष्णुपंतांसमोर उभी राहिले.

म्हटलं, 'काका, आता लिहा.'