सुनंदाचा अंगठा

६ जाने., मंगळवार
सकाळी श्रीगोंद्याकडची केस. सुनंदा, तिशीच्या आतली. चारा कापायच्या कडबाकुट्टीत उजवा अंगठा तुटला. सासूनं बटण दाबलं तेव्हा हिचा हात आतच होता. अंगठा मात्र बर्फात नीट आणलेला.
मायक्रोस्कोपखाली धमनी जोडली. टोकं चेंगरलेली. अजून छाटायला हवी होती, पण मग मध्ये फट पडली असती, मनगटाची शीर काढून तुकडा घालावा लागला असता. बाहेर ओपीडी खोळंबलेली. थोडंच छाटलं, ओढून जोडलं. क्लॅम्प काढताच अंगठा गुलाबी. सगळे खूश. मीही.

७ जाने.
दुपारी अंगठा फिकट, गार. परत उघडलं. जोडातच गुठळी. आतलं अस्तर फाटकं. काल छाटायचं टाळलं, नेमकं तेच. आता घातला शिरेचा तुकडा. रक्त आलं, थांबलं, पुन्हा आलं...

१० जाने.
अंगठा काळा. काढून टाकला.
मी तिच्या नवऱ्याला म्हणाले, "मशीनमध्ये नस फार चेंगरली होती." खोटं नाही. पण.
तो तिथंच आईकडं वळला. "ऐकलं का? तुझ्यामुळं झालं."
मी राउंडला निघून गेले.

१९ जाने.
टाके काढले. सुनंदा एकटीच आत आली, सासूबद्दल बोलायला. "मॅडम, आत्याबाई धड जेवत न्हाईत. हे त्यांच्याशी बोलत न्हाईत. तुमी सांगा ना ह्यांना, तुमचं ऐकत्याल."
म्हटलं, पुढच्या वेळी सगळेच या.
घरी ह्यांना सांगितलं. तेही सर्जनच. "नीट छाटलं असतंस तरी टिकला असता कशावरून?" बरोबर आहे. ते आता कधीच कळणार नाही, हेच तर टोचतंय.

२७ जाने.
तिघं आले. दार लावून घेतलं. मी म्हणाले, "पहिल्या दिवशी माझ्याकडून चूक झाली."
नवरा खुर्चीतून उठला. आईनं त्याचं मनगट धरलं. "बस. ऐकून घी."
सगळं सांगितलं. घाई केली तेसुद्धा.
मग सुनंदा, हलक्या आवाजात, "मंग हे आत्याबाईंना बोलत हुते तवा का न्हाई सांगितलं?"
तिघं उठून गेले. पुढची तारीख न घेताच.