न फोडलेलं पाकीट

ती. आईस,

वाकून नमस्कार. मी बरी आहे, खोकलाही जवळजवळ गेलाय. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? बाबा थेंब वेळेवर घालतात का?

त्या रहस्यकथांच्या स्पर्धेत माझ्या कादंबरीला पहिलं बक्षीस मिळालं. लगेच शेजारी सांगत सुटू नकोस, आधी पुढचं ऐक.

इथे शेवटचं प्रकरण वेगळ्या पाकिटात, लाखेनं बंद करून द्यावं लागतं. परीक्षकांनी आधी खुनी कोण ते चिठ्ठीवर लिहायचं, मग पाकीट फोडायचं. समारंभात मुख्य परीक्षक, एक निवृत्त पोलीस अधिकारी, माईक धरून म्हणाले, "शेवट वाचून अंगावर काटा आला." बाकीचे दोघे दीडशहाणे नंदीबैलासारख्या माना डोलावत होते.

काल हस्तलिखित परत आलं. पाकिटावरची लाख जशीच्या तशी. सोबतच्या चिठ्ठीवर तिघांनीही खुनी म्हणून डॉक्टरचं नाव लिहिलंय. अगं, त्या डॉक्टरचाच तर खून झालाय, तोही पहिल्याच पानावर.

बक्षीस परत केलंस का, असं तू विचारशील. नाही केलं. त्याच्यामुळेच प्रकाशक पुस्तक छापायला तयार झालाय. मानचिन्ह मात्र खिडकी आपटू नये म्हणून फटीत अडकवलंय, तेवढ्या कामाचं आहे.

तू प्रत्येक रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचतेस म्हणून मी तुला किती नावं ठेवली. पाकीट तसंच बंद सोबत पाठवतेय. डोळ्यावरची पट्टी निघाली की तूच फोड. निदान एकीनं तरी ते वाचलेलं असू दे.

तुझी,
धाकटी