पंप बंद आहे, असं पुण्याला दिसतं

४ मार्च, निमगाव सावा
टेकाडावर चढले, रेंज लागली, मेसेज पडला : "आपला सौर पंप बराच काळ बंद आहे. वापर नसल्यास संच काढून नेण्यात येईल."
खाली बघितलं. तोच पंप धो धो ओततोय आणि धाकटी जाऊ सुनंदा कांद्याला पाणी धरतेय. चष्मा पुसला. दोन्ही गोष्टी तशाच.

६ मार्च
पंप बसवणाऱ्या कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसला फोन. पलीकडचा आवाज गोड. "मॅडम, सिस्टिमला पंप बंद दिसतोय."
"मला चालू दिसतोय."
"पण डेटा येत नाही ना."
"पाणी येतं. पाठवू का बाटलीत?"
भानगड एवढीच : पंपाच्या पेटीत सिमकार्ड. ते रोज पुण्याला खबर देणार. मळ्यात रेंज नाही, म्हणून खबर नाही, म्हणून पंप बंद! या हिशेबाने आमचा अख्खा मळाच अस्तित्वात नसावा.

९ मार्च
हे म्हणाले, "नेऊ दे की. लायटीवरची जुनी मोटर हाय ना."
आहे. पण तिला वीज निम्मे दिवस रात्रीची. मागे सुनंदा रात्री पाण्याची दारं धरत होती, उसाच्या कडेला बिबट्या बसलेला. खोरं टाकून पळाली. पॅनल आल्यापासून पाणी दिवसा, रात्री ती घरात.
म्हटलं, "पॅनल गेले तर रात्रीचं पाणी तुम्ही धरा."
चहा गार झाला.

१२ मार्च
कंपनीचा इंजिनीअर आला. पुण्याहून येतानाच टॅबवर 'बंद' घेऊन आलेला. सरीत उभा, बूट भिजलेले.
"ताई, संच टेकाडावर हलवू. तिथं रेंज आहे."
"आणि विहीर? ती पण हलवता?"
हसला बिचारा. मग हळूच, "मला दिसतंय हो. पण मी 'चालू' लिहिलं तरी सिस्टिम घेत नाही. गाडी येईल पुढच्या मंगळवारी."
डोळ्यांपेक्षा सिस्टिम मोठी. ऊन आमचं, विहीर आमची, साक्ष मात्र सिमकार्डाची.

१९ मार्च
गाडी आली. ड्रायव्हर, मुकादम, दोन माणसं, नट खोलायचे पाने. आम्ही वस्तीवरच्या सातआठ जणी पॅनलखाली सावलीला, स्विचच्या पेटीला पाठ लावून बसलेल्या. कुणी हललं नाही.
मुकादम वायरींपाशी गेला, हात मागे घेतला. "वहिनी, आधी पंप बंद करा. चालू पंप कसा काढायचा?"
सुनंदा उठली. मला वाटलं रडते की काय.
"भाऊ, तुमच्याकडं तर तो लई दिवस बंदच हाय. काढा की! भ्या कशाला?"
बायका अशा हसल्या... मुकादमाने पाना खिशात घातला. "साहेबांना घेऊन येतो," म्हणाला. गाडी रिकामी गेली.

२० मार्च
साहेब कधी येणार, कुणाला ठाऊक. येतील पोलीस घेऊनही. येवोत. ऊन आहे तोवर पंप चालणार आणि पंपापाशी कुणीतरी बसणार. पाळ्या लावल्या. उद्याची पाळी ह्यांची; मी नाव घातलं नव्हतं. सकाळी आपणहून म्हणाले, "माझा डबा तिकडंच दे."