न लावलेलं रीळ

अण्णा, सगळ्यात आधी एका अन्यायाची नोंद करून घ्या. तुमच्या टॉकीजमधल्या लाकडी खुर्च्या गेल्या. त्यांतले ढेकूण अख्ख्या पालमला जातपात न बघता चावायचे. तेवढी समता गावात पुन्हा दिसली नाही. आता तिथं मंगल कार्यालय आहे आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांना पांढऱ्या सॅटिनचे झगे घातलेत. त्या झग्यावर बसलेला माणूस बोलता बोलता पुढे घसरतो. माझ्यासारख्या पन्नाशीतल्या, अंगानं भरीव बाईनं सख्ख्या भावाशी भांडायचं आणि दर दोन वाक्यांनी सावरून मागं सरकायचं, हा शुद्ध छळ आहे. भांडताना निदान बूड तरी स्थिर हवं.

भांडण कशाचं, ते सांगते. तुमच्या नातीनं, माझ्या लेकीनं, लग्न ठरवलं. तिचं तिनंच ठरवलं. मुलगा दुसऱ्या जातीचा आहे, कामाचा आहे आणि माझ्या विनोदांना उगीच हसत नाही, म्हणजे लबाडही नाही. हे लग्न मला तुमच्या टॉकीजमध्येच लावायचं होतं. कार्यालय चालवतो तुमचा लेक. त्यानं पाण्याची बाटली पुढं केली आणि म्हणाला, “ताई, दुसरीकडं बघ. अण्णांच्या जागेत हे जमायचं न्हाई.”

“का? अण्णा पंगतीला बसणार हायेत का?”

“मस्करी नको करू. लोकं काय म्हणतील?”

“बासुंदी वाढा म्हणतील.”

“अन् अण्णांनी आत्याचं काय केलं ते इसरलीस का?”

विसरते कशी? ते तर तुम्ही दर दिवाळीत अख्ख्या तालुक्याला दाखवत होता. तो जमीनदाराच्या पोरीचा सिनेमा. पोरगी बागवानाच्या मुलावर जीव लावते, बाप म्हणतो, हा वाडा तरी नाहीतर तो तरी. ताडकळसच्या बाजारापर्यंत रिक्षातून भोंगा फिरायचा, बैलगाड्या भरून माणसं यायची. मी शाळकरी पोर, मशीनच्या खोलीत स्टुलावर बसलेय, प्रोजेक्टरच्या कार्बनचा वास नाकात आहे. पडद्यावर पोरगी कमरेच्या किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन उंबऱ्यात उभी राहते. रीळ संपतं. ऑपरेटरचाचा पुढचा डबा उचलतात आणि दाराशी उभ्या असलेल्या तुमच्याकडं बघतात. “साब, लोगां पूछ रैं, वो बच्चा कां से आया बोलके.” तुम्ही म्हणता, “चौदा नंबर बाजूला ठेवा. सीधा पंधरा लगाव.”

आणि पुढच्या क्षणी तीच पोरगी बापाच्या गळ्यात पडून रडतेय, कडेवर तीन वर्षांचं पोर! बागवानाच्या मुलाचा पत्ता नाही. पोरगी उंबऱ्यातूनच माघारी फिरली आणि बापानं माफ केलं, एवढं सगळ्यांनी मान्य केलं होतं. राहिलं पोर. त्याचा निकाल बायांनी इंटरव्हलच्या भज्यांवर लावून टाकला होता: भावाचं असंल. वाड्यात माणसं लय असतात, कुणाचं तरी असंलच की. सगळा तालुका डोळे पुसत घरी जायचा. तुम्हीही पुसायचे, अण्णा. मी बघितलंय. जे रीळ तुम्ही कुणाला दाखवलं नाही, त्याच्या पुढच्या समेटाला तुम्ही रडत होता.

चौदाव्यात काय आहे, असं मी एकदा विचारलं, तर तुम्ही म्हणालात, “मशीन तापती. तू अभ्यास कर.” पुढं कॉलेजच्या होस्टेलवर, दुपारी टीव्हीवर तोच सिनेमा लागला, तेव्हा मी ते रीळ पाहिलं. ती किल्ल्या उंबऱ्यावर ठेवते आणि जाते. बागवानाच्या घरी भाकरी थापते, हसते, बाळंत होते. एवढंच. त्यात झाकण्यासारखं काही नव्हतं. फक्त ती सुखात होती. तेव्हा मला तुमची बहीण आठवली. टॉकीजचे बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरबरोबर आत्या गेली, ती पोखर्णीला राहिली, तासाभराच्या एसटीवर. तुम्ही तिचं नाव घरात घेऊ दिलं नाही. पंचमीला बोलावलं नाही, की बाळंतपणाला आणलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचे, “आम्हाला बहीण नाही.”

तर त्या घसरत्या खुर्चीवर तुमच्या लेकानं तोड काढली. म्हणाला, “जागेच्या हक्कसोडीवर सही कर, अन् हॉल घे की फुकट. मी कशाला बोलतो मग?” आपल्याकडं बहिणींनी ही सही हसत करायची असते आणि दर भाऊबीजेला साडी घेऊन गप्प राहायचं असतं. मी केलेली नाही. आता तुम्हाला स्पष्ट सांगते, अण्णा, कारण मध्ये बोलायला तुम्ही नाही आहात. तुमचा शेवट मला मान्य नाही, आणि त्या सिनेमावाल्याचाही नाही. प्रेम करायचं तर पोरीनं घर सोडावं, हे कुणी ठरवलं? त्या बाईनं किल्ल्या ठेवल्या, जगानं टाळ्या वाजवल्या, वाडा बापाकडंच राहिला. माझी लेक किल्ल्या ठेवणार नाही. तिला नवराही पाहिजे आणि आजोबाची टॉकीजही.

भावाला म्हणाले, “सही न्हाई अन् भाडंबी न्हाई. अर्धी जागा माझी हाय, माझ्या अर्ध्यात लग्न लावते. तुझ्या अर्ध्यात तू रुसून बस.” घरी येऊन पत्रिका छापली, पत्ता तुमच्या टॉकीजचा, आणि पहिली प्रत त्याला पाठवली. चार दिवस फोन नाही. मी रात्री जागी, बाहेर मात्र ऐटीत. पाचव्या दिवशी फोन आला. “ताई, मामाचं नाव इतकं बारीक कशाला छापलंस? लोकं काय म्हणतील?”

लग्न लागलं. मामा नवरीच्या मागं ताठ उभा होता, डोळे पुसत होता, तुमचाच लेक. आत्याला मी स्वतः जाऊन आणलं होतं. तिचा नवरा, आमचे पेंटरमामा, मागंच वारले. ती गेटाशी अडली. म्हणाली, “आत कशी येऊ गं? दादानं बोलावलं न्हाई.” दादा म्हणजे तुम्ही, अण्णा. हात धरून आत नेलं, जुन्या मशीनच्या खोलीत पाटावर बसवलं, विधवेची रीत मोडून हळदकुंकू लावलं आणि खणानारळानं ओटी भरली. बहिणीच्या पहिल्या सणाला माहेरानं द्यायची ती साडीचोळी, हिरवी, तिच्या मांडीवर ठेवली. तिनं काठावरून हात फिरवला.

“दादानं ठेवली व्हती का गं?”

मी हो म्हणाले.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून लिहिते. साडी मी परवा परभणीहून घेतली होती. तिला ते कळलं असावं. घडी मोडायच्या आधी किमतीची चिठ्ठी तिनंच हळूच काढली आणि माझ्या हातात दिली.