पोपड्यांना मरू द्यावे, याबाबत

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, व्यवसाय दातांच्या कवळ्या तयार करणे (आता बंद), राहणार तिसरा मजला, डावीकडचे दार, लिहून ठेवते की माझी बुद्धी ठिकाणावर आहे, स्मरणशक्ती नको तितकी चांगली आहे, आणि हे मृत्युपत्र करण्यासाठी माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही. दबाव असलाच तर तो करू नये म्हणून होता. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात लिहिली होती. हेही रागातच लिहीत आहे, पण या वेळी वकिलांनी तपासले आहे.

गेल्या हिवाळ्यात माझ्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर "बघू" म्हणतात. ते काय बघणार आहेत ते मला कळते.

१. घर. माझे राहते घर माझ्या धाकट्या बहिणीला द्यावे. तिला सगळे बारकी म्हणतात. ती आता पासष्टीची आहे आणि अंगाने माझ्या दुप्पट आहे. समोरच्याच दारात राहते, जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवले. स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगून सांगून माझी जीभ झिजली. ते दर वेळी येतात, भिंतीला हात लावतात, हात पुसतात आणि "हवामान आहे" म्हणून जातात. बारकीने यापुढे त्यांना चहा देऊ नये.

२. हत्यारे. मेण कोरायच्या सुऱ्या, बर्नर, जबड्याचे साचे आणि पॉलिशचे यंत्र लॅबमधल्या माझ्या जोडीदारणीला द्यावे. मोठी सुरी शोधत बसू नये. ती तिच्याकडेच आहे. "उद्या देते" म्हणून तिने नेली, त्यानंतर माझी नोकरी संपली, त्यालाही कितीतरी काळ लोटला. आता रीतसर तिची झाली, तेव्हा निदान लपवू तरी नये.

३. पोपडे. या कलमावर वकिलांनी हात टेकले. ते म्हणाले, "ताई, जे अस्तित्वात नाही ते कोणाला देता येत नाही. चित्रं द्या, मॉडेलं द्या."

मी विचारले, "आणि ते कसे जगतात, कसे मरतात, ते?"

"ते मालमत्तेत येत नाही."

घरात दुसरे काय आहे म्हणून मालमत्ता म्हणायची, ते त्यांनीच सांगावे. तरीही जो कोणी हे वाचेल त्याच्यासाठी खुलासा करते.

बारकी नऊ वर्षांची असताना तिला मोठा ताप आला आणि कित्येक दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. भिंतीच्या रंगाला पोपडे आले होते. ती म्हणाली, "ताई, हे एकमेकांशी काय बोलत असतील?" मी पंधरा वर्षांची, शहाणपणा दाखवायची हौस दांडगी. मी म्हटले, "बोलायला तोंड कुठंय त्यांना?" ती म्हणाली, "मग तोंडाशिवाय कसं बोलतात ते सांग."

तिथून पोपड्यांचे जग रचणे सुरू झाले. शाळा, नोकऱ्या, तिचे लग्न, तिचे बाळंतपण, तिच्या नवऱ्याचे जाणे, या सगळ्यातून ते चालू राहिले. चित्रे ती काढायची. मी लॅबमधल्या उरल्यासुरल्या मेणाचे आणि प्लास्टरचे नमुने करायचे. एकाच फळीवर कवळ्या आणि पोपडे शेजारी शेजारी वाळत. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने चुकून पोपडा उचलून तोंडाशी नेला होता.

पोपड्यांचा ग्रह त्याच्या सूर्याकडे कायम एकच बाजू धरून फिरतो. त्या बाजूला सगळे करपते, मागच्या बाजूला सगळे गोठते. मधल्या कायमच्या संध्याप्रकाशात उभे कडे आहेत. पोपडे त्या कड्यांना चिकटून राहतात. अंग चपटे, थराथरांचे. तोंड नाही, डोळे नाहीत, दात नाहीत. खालच्या अंगाने दगडातली ऊब आणि क्षार ओढून घेतात. बोलतात ते कडेला कड लावून, थरथरून. म्हणजे जो टेकला आहे त्याच्याशीच बोलता येते. लांबच्याला निरोप धाडायचा तर तो एकेकाच्या अंगातून जातो आणि वाटेत बदलतो. म्हणून त्यांच्यात पुढारी नाहीत, भाषणे नाहीत, अफवा मात्र भरपूर. "मी" असा शब्द नाही. जो शब्द आहे त्यात टेकलेले सगळे येतात. शिवी एकच, अंग किंचित मागे घेणे.

दोघांच्या कडा उबदार वाऱ्यात जुळल्या की सांध्यातून एक पापुद्रा सुटतो आणि उडून जातो. तो जिथे चिकटेल तिथले शेजारी त्याचे आईबाप. हे बारकीला सुचलेले. त्या वर्षी सासरच्या मंडळींनी तिच्या नाकात दम आणला होता, आणि जन्माने चिकटलेल्या नात्यांवाचून समाज कसा चालेल हे तिला पाहायचे होते. अख्खी सुट्टी तिने त्यात घातली.

ग्रह सूर्यापासून दूर जातो तेव्हा कड्यांवर गारठा येतो. ज्याच्या अंगात ऊब टिकत नाही तो शेजाऱ्याला टेकतो आणि एकेक थर सोडतो. शेजारी ते थर आपल्यात घेतो. तो जाड होतो, आणि त्यानंतर तो बोलला की त्याच्या थरथरीत गेलेल्याची लकब येते. हे माझे. यावर मी खूप कष्ट घेतले आहेत आणि हे मला सोडवत नाही.

आता ज्यांनी ज्यांनी यात हात घातला त्यांच्याविषयी. पुस्तके छापणाऱ्या एका बाईंनी आमची चित्रे महिनाभर ठेवून घेतली आणि म्हणाल्या, "वाचकाला कुणाच्या तरी डोळ्यांत बघायचं असतं हो. दोनच द्या. लहान दिले तरी चालतील." बारकी विचार करू लागली, हे मला आणखी लागले. डोळे दिले की त्यांना लांबचे दिसणार, लांबचे दिसले की टेकण्याची गरज संपली, आणि सगळी भाषा गेली. हे मी तिला जिन्यातच समजावले. ती म्हणाली, "मला माहीत आहे. मी फक्त क्षणभर पुस्तक छापलेलं बघत होते."

दुसरा बारकीचा मुलगा. बँकेत माझे जे काही असेल ते त्याला द्यावे. रागावणे वेगळे आणि तोडणे वेगळे. तो मोबाइलवरचे खेळ तयार करतो. त्याने आम्हाला न विचारता पोपड्यांचा खेळ केला आणि कौतुकाने दाखवायला आणला. पडद्यावर पोपडे धावत होते. त्यांना राजा होता. त्यांना दात होते.

मी म्हटले, "दात कशाला?"

"मावशी, दात नसतील तर मुलं घाबरणार कशी?"

"घाबरायचं कशाला?"

"अगं, नाहीतर खेळतील कशाला?"

मी जन्मभर लोकांच्या तोंडात दात बसवले. संध्याकाळी हात धुऊन जिथे जायचे ते एकच ठिकाण असे होते की जिथे दात नव्हते. त्यातून खेळातले ते दात धड बसलेलेही नव्हते. वरचे खालच्यावर मिटतच नव्हते. निदान ते तरी विचारायचे. त्याने खेळ बंद केला नाही आणि माझ्याकडे येणे कमी केले. यावे. मी खेळाबद्दल बोलणार नाही, असे मात्र कबूल करत नाही.

आणि आता बारकी.

माझे निदान झाल्यावर काही दिवसांनी ती नवे चित्र घेऊन आली. म्हणाली, "पोपडे आता मरत नाहीत. गारठ्यात नुसते झोपतात. ऊब आली की उठतात."

मी म्हटले, "मग कडे भरून जातील. पापुद्रे चिकटणार कुठं?"

"कडे मोठे करू."

"ऊब पुरणार नाही."

"ग्रह थोडा जवळ आणू."

"बारके, असं उत्तर लिहिणाऱ्या पोरांना तू नापास करायचीस."

"करायचे. आता मी रिटायर झाले."

मला कळत नाही असे नाही. तिला काय थांबवायचे आहे ते दगडालाही कळेल. पण कळले म्हणून राग जात नाही. मेलेल्याचे थर शेजाऱ्यात गेले नाहीत तर लकबी जाणार नाहीत. पोपड्यांची निम्मी भाषा म्हणजे गेलेल्यांच्या लकबी. ती काढली तर भिंतीला चिकटलेले थंड तुकडे उरतात. इतक्या वर्षांचे काम तिने एका दुपारी पुसले, तेही माझ्या निमित्ताने. माझी गाठ इथे विरघळत नाही, तर तिथे का विरघळावी?

मी हे सगळे तिला सांगितले. ती चित्र उचलून घरी गेली. त्यानंतर ती रोज यायची, औषधे घेतली का विचारायची, रिपोर्ट वाचायची, माझी उशी सारखी करायची. पोपड्यांचे नाव नाही. ज्या विषयावर जगात एकाच माणसाशी बोलता येते, तो विषय त्या माणसाने बंद केला. गाठीपेक्षा मला याचा त्रास जास्त झाला, हे डॉक्टरांनी नोंदवून घेतले नाही.

म्हणून मी या कलमात लिहिले: चित्रे, नमुने आणि पोपडे बारकीला द्यावेत, मात्र त्यांना मरू द्यावे. वकील म्हणाले अशी अट कोर्टात टिकणार नाही. मी म्हटले कोर्टात कोण जाणार आहे, ती समोरच राहते.

मसुदा तिने माझ्या स्वयंपाकघरात बसून वाचला. कागद खाली ठेवला, चष्मा पुसला.

"बरं," ती म्हणाली. "मरू देत. मग मला एक सांग. कड्यावर गारठ्यात एकच पोपडी उरली. बाकी सगळ्यांचे थर तिच्यात. तिला कोण घेतं?"

"कुणीतरी असतंच."

"नाहीये. टेकलेलं कुणी नाही, असं म्हणतेय मी."

"वाऱ्यावरून एखादा पापुद्रा येईल."

"आणि नाही आला तर?"

इतकी वर्षे आम्ही पापुद्र्यांचे वजन ठरवले, थरथरीचे प्रकार ठरवले, शेवटच्या पोपडीचा विचार दोघींपैकी कोणीही केला नव्हता. मला तिचा भयंकर राग आला. हा प्रश्न तरुणपणी विचारायचा, हाताशी वेळ असताना. आता विचारून माझी काय सोय होणार होती? ती रडत नव्हती. उत्तराची वाट पाहत होती, वर्गात पाहायची तशी.

मी म्हटले, "दगड घेतो."

"दगड नातेवाईक नाही."

"जन्मभर ऊब कुणी दिली?"

"ऊब दिली म्हणजे ऐकून घेईल असं नाही, ताई."

त्या दिवसापासून आम्ही यावर भांडत आहोत. माझे म्हणणे, ती दगडात थर सोडते. तिचे म्हणणे, ती काहीच सोडत नाही, सगळ्यांच्या लकबींत एकटीच थरथरत राहते, आणि ते वाईटच आहे असे मी धरून चालू नये. मला ते पटत नाही. तिला माझे पटत नाही. तिने झोपणाऱ्या पोपड्यांचे चित्र उलटवून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर उघडा कडा काढला आहे. चांगला काढला आहे.

४. म्हणून कलम तीन पुढीलप्रमाणे सुधारते. पोपडे बारकीचे. डोळे, दात आणि राजा देऊ नये. मरण काढू नये. शेवटच्या पोपडीचे काय होते हे ठरलेले नाही. ते ठरवण्याचा अधिकार एकट्या बारकीला राहील, आणि तिने घाई करू नये. मी असेपर्यंत तिने रोज यावे आणि भांडावे. वकील म्हणतात, मरणाआधी लागू होणारे कलम मृत्युपत्रात घालता येत नाही. मी घातले आहे.

साक्षीदार म्हणून बारकीलाच सही करायची होती. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "मग मला काही देऊ नका, मी सहीच करते." तिला बाजूला बसवण्यात अर्धा तास गेला.

सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे, आणि मी खालील दोघांच्या समक्ष, त्यांनी माझ्या समक्ष, सही केली.

सही: दातवाल्या ताई, तिसरा मजला

साक्षीदार १: डॉक्टर, दुसरा मजला (सही करताना "बघू" म्हणाले नाहीत)

साक्षीदार २: तळमजल्यावरचे शिंपी

स्थळ: माझे स्वयंपाकघर, ओल आलेल्या भिंतीलगत
तारीख: महिन्याचा दुसरा मंगळवार, दुपार. बारकी अजून इथेच आहे आणि म्हणते आहे की दगडाचे तुझे म्हणणे पुन्हा एकदा पहिल्यापासून सांग.