चटईखालचे पाय

सवाई बेट, शनिवार

प्रिय तियालेई,

तुझे वडील पहाटेपासून आमच्या अंगणात चटई पांघरून माफी मागत बसलेत. आपल्या रिवाजाप्रमाणे मी ती उचलली तर तुझ्या भावाला, पेसेताला, माफी. नाही उचलली तर दोन्ही घरांत कायमचं वैर.

गेल्या वर्षी मला ठोसा मारताना पेसेता म्हणाला होता, "कॉलेज सोडलेल्या टवाळाला बहीण देऊ?" माझा पुढचा दात पडला. नवा मी मुद्दामच बसवला नाही. वर्षभर ती फट गावाला दाखवत फिरलो. काल दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दात नाही म्हणून तिथलं हाड झिजलंय रे! नवा दात रोवायचा कशात? आधी हनुवटीतलं हाड काढून तिथे भरावं लागेल."

हे कळलं म्हणूनच तुझे वडील आले. मी ओरडलो, "मारणारा कुठाय? बसू दे म्हाताऱ्याला उन्हात!"

एवढं लिहिलं आणि आत्या म्हणाली, "मेल्या, डोळे फुटले का? चटईखाली पाय चार आहेत."

मी खिडकीतून पाहिलं. टाचेवर प्रवाळाने कापल्याचा तो व्रण तुझाच.

ऊन चढतंय. पत्र इथेच टाकून चटई उचलायला येतोय. फट दिसली तर हसू नकोस.

तुझा, अजून चिडलेलाच,
सेफो